पिशवी पंचवीस तास चालते म्हणे

मला कोणी खोटं सांगितलं नाही, हेच सगळ्यात जास्त झोंबतं. घर गरम करायला मी पेलेट स्टोव्ह घेतला, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या छोट्या गोळ्या (पेलेट) जाळणारी शेगडी. तिच्या माहितीपत्रकावर दोन आकडे ठळक छापले होते: उष्णता ८ किलोवॅट, आणि १५ किलोची पिशवी २५ तास. विक्रेता म्हणाला, "साहेब, सकाळी पिशवी ओता, दुसऱ्या सकाळपर्यंत तिकडे बघूही नका." दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते एकाच वेळी खरे नसतात.

हिशेब दोन ओळींचा आहे, पण मी तो पैसे मोजून झाल्यावर केला. भुसा दाबून केलेल्या चांगल्या पेलेटमध्ये किलोमागे साधारण ४.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे १५ किलोत झाली ७२. आणि ८ किलोवॅट २५ तास हवे असतील, तर लागतात २००. बाकीची ऊर्जा येणार कुठून? त्यात दहाएक टक्के धुराबरोबर बाहेर जाते ती वेगळीच. पूर्ण आचेवर माझा स्टोव्ह तासाला जवळजवळ १.९ किलो पेलेट खातो आणि आठ तासांत पिशवी फस्त करतो. २५ तास पुरते ती अगदी मंद आचेवर, आणि तेव्हा मिळतात जेमतेम अडीच किलोवॅट. गाडी किती पळते हे मोकळ्या रस्त्यावर बघायचं, लिटरला किती देते हे रमतगमत चालवून बघायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे, असा प्रकार. हे सगळं तांत्रिक तक्त्यात होतं, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: कमाल, किमान, आणि प्रत्येकापुढे तासाचा खप. विक्रेत्याने तो तक्ता लपवला नव्हता, मीच ते पान उलटलं नाही.

पण इथवर फक्त खिशाला चाट होती. खरा घोळ बसवताना झाला.

"बसवणं आमच्याकडून मोफत" म्हटल्यावर मी खूश. दोघं आले, दीड तासात भिंतीला भोक पाडलं, पातळ अॅल्युमिनियमचा घड्यांचा लवचीक पाइप, कपडे वाळवायच्या यंत्राला लावतात तसा, आडवा बाहेर काढला आणि सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली. मला वाटलं, किती सफाईचं काम! आता कळतं की पेलेट स्टोव्हला असा पाइप कधीच लावायचा नसतो. लाकडाच्या चुलीचा धूर गरम असल्यामुळे आपसूक वर ओढला जातो. इथे पंखा तो ढकलतो, त्यामुळे पाइपच्या आत दाब असतो आणि जिथे फट मिळेल तिथून धूर घरात येतो. म्हणून लागतो तो पेलेट स्टोव्हसाठीच प्रमाणित केलेला कडक पाइप, सांध्यांना उष्णता सोसणारं गॅस्केट, आणि राख काढण्यासाठी झाकण असलेला टी-जोड. माझ्या पाइपच्या प्रत्येक घडीत बारीक राख साचत होती आणि ती काढायला वाटच नव्हती.

एका संध्याकाळी वीज गेली. हा स्टोव्ह विजेशिवाय चालत नाही, हेही तोवर कोणी बोललं नव्हतं. पेलेट पुढे सरकवणारा स्क्रू, धूर काढणारा पंखा, खोलीत गरम हवा सोडणारा पंखा, पेटवणारी कांडी, सगळं विजेवर. स्क्रू थांबला हे बरंच, पण भट्टीत पडलेले पेलेट धुमसत राहिले. पाइपला थोडी तरी उभी चढण असती तर धूर आपोआप वर गेला असता. आडव्या पाइपातून तो आल्या वाटेने मागे फिरला. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, "अरे, डोळे का चुरचुरतायत?" आम्ही खिडक्या सताड उघडल्या आणि थंडीत तासभर कुडकुडत बसलो. धूर दिसला म्हणून कळलं. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र घरात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोन आणली, एक आईच्या खोलीत.

स्टोव्हबरोबर पेलेटच्या काही पिशव्याही "भेट" मिळाल्या होत्या. फुकट ते पौष्टिक असं मी समजलो. भट्टीत काचेसारखे कडक खडे जमायला लागले, हवेची भोकं बुजली, ज्योत पिवळी पडून काच काळी व्हायला लागली. माती-वाळू मिसळलेल्या पेलेटची राख वितळून असे खडे होतात. एनप्लस ही पेलेटच्या दर्जाची प्रमाणित खूण; तिच्या ए१ दर्जात राख ०.७ टक्क्याच्या आत लागते, म्हणजे १५ किलोच्या पिशवीमागे शंभरेक ग्रॅम. मी पिशवीमागे डबडं भरून राख काढत होतो. पिशवीवर एनप्लसची खूण छापलेली होती, पण तिच्याबरोबर असावा लागतो तो उत्पादकाचा क्रमांक, देशाची दोन अक्षरं आणि पुढे तीन आकडे, तो नव्हता. क्रमांकाशिवाय ती खूण म्हणजे नुसतं चित्र. एवढं बघायला दहा सेकंद लागतात, मी सगळ्या पिशव्या जाळून झाल्यावर बघितलं.

शेवटी पेटवणारी कांडी जळाली आणि मी वॉरंटी मागितली. उत्तर आलं: बसवणूक पुस्तिकेप्रमाणे नाही, वॉरंटी लागू नाही. मी म्हटलं, तुमच्याच माणसांनी बसवलाय. त्यावर त्यांनी मला पहिल्या दिवशीच्या तपासणीचा कागद पाठवला. पाइप: प्रमाणित. धुराची ओढ: १२ पास्कल, मोजली. खाली माझी सही. ती दोघं निघताना "साहेब, पोचपावती आहे" म्हणाले होते, आणि मी दारात उभ्या उभ्या केली होती.

नंतर दुसऱ्या एका जाणकाराला बोलावलं. त्याने तो पाइप उतरवून जमिनीवर ठेवला, टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला, मग कागद वाचला. ओढ मोजायची तर पाइपला छोटं भोक पाडून त्यात मीटरची नळी घालावी लागते, तो म्हणाला. त्या पाइपला भोकच नव्हतं. मी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि तक्रारीला जोडले. पाइप अजून माळ्यावर आहे, राखेसकट.