अंगठा दुखतो त्यांच्यासाठी एअर पिस्तूल: ट्रिगर नका बघू, लिव्हर बघा

माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा नवऱ्याकडून उघडून घेते, आणि असल्या हातांनी पन्नाशीत दहा मीटर एअर पिस्तूलची नेमबाजी सुरू केली. का, तर लेकीला बालेवाडीला रेंजवर सोडून दोन दोन तास नुसतं बसून कंटाळा आला म्हणून.

पहिलं पिस्तूल इथल्याच एका दुकानातून घेतलं, सिंगल स्ट्रोकवालं. दुकानदार सारखा एकच, "मॅडम ट्रिगर एकदम हलका", आणि होताही. पण ट्रिगरचं रडगाणं कुणी गायलं होतं? मॅचच्या नियमानं ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा लागतो, तेवढं माझं बोटसुद्धा ओढतं. मारामारी लिव्हरशी होती. दर शॉटला तो पूर्ण उघडायचा आणि दाबून बंद करायचा, त्याच दाबण्यात हवा भरली जाते, आणि शेवटी शेवटी तो असला अडतो की काय सांगू. मॅचला 60 शॉट, वर सुरुवातीचे सायटर, म्हणजे गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट. माझा अंगठा विसाव्यालाच ठणकायला लागायचा, मग निशाणा कसला न् डोंबलाचा.

आता सेकंडहँड स्टायर एलपी 10 आहे, पीसीपी, म्हणजे हवा पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं आधीच भरलेली, त्यामुळे लिव्हर दोन बोटांनी उघडतो, छर्रा ठेवला की झालं. ड्राय फायरची सोय आहे, घरी हॉलमध्ये छर्रा न घालता सराव होतो. वजन मात्र जवळपास किलोभर, आणि एकाच हातानं धरायचं, पहिला महिना खांदा भरून यायचा. ग्रिप मीडियम मिळाली होती, ती सैल, म्हणून मी जास्तच आवळायचे आणि अंगठा परत सुरू. स्मॉल बसवली, तळहाताखालची फळी वर घेतली, तेव्हा कुठे मुठीतला ताण सुटला. माझ्या मते पैसे कमी असतील तर जुनं पिस्तूल घ्या पण ग्रिप आपल्या मापाची घ्या.

आणि दुकानात एकदा ट्रिगर ओढून खूश होऊ नका, वीस वेळा लोड करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

एक राहिलंच, हँडपंप घेऊ नका. सिलिंडर भरता भरता आमचे हे धापा टाकायला लागले, माझी काय कथा. मी रेंजवरच मोठ्या सिलिंडरवरून भरून घेते, एकदा भरला की शंभरावर शॉट जातात, माझा आठवडा निघतो.