लष्करी खटल्यातील बचावासाठी घेतलेला कायदेशीर सल्ला : एक अभिप्राय

माझ्या धाकट्या भावावर युनिटच्या भांडारातील साहित्य चोरल्याचा, म्हणजे सेना अधिनियम 1950 च्या कलम 52 खालचा आरोप आला, तेव्हा आम्ही जॅग शाखेतून, म्हणजे लष्कराच्या कायदा विभागातून, निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी चालवलेल्या एका सल्ला कार्यालयाची मदत घेतली. ज्यांच्या घरातला जवान अशाच प्रसंगातून जात असेल, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो, हे तेथे केवळ धीर देण्यासाठी सांगितले जात नाही. सगळे काम त्याच पायावर उभे असते. वर्दीतल्या माणसावर आरोप आला की आजूबाजूचे लोक निकाल देऊन मोकळे होतात, आणि ज्यांच्या हाताखाली तो रोज काम करतो त्या कमांडिंग ऑफिसरसमोरच आरोपाची पहिली सुनावणी होते. म्हणून वकिलांनी कोर्ट मार्शलची, म्हणजे लष्करी न्यायालयातील खटल्याची, वाट न पाहता या पहिल्या, म्हणजे आर्मी रूल 22 च्या सुनावणीपासूनच तयारी करून घेतली. त्या सुनावणीत साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते आणि आपले साक्षीदारही बोलावता येतात, हे भावाला ठाऊकच नव्हते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, घाबरून दिलेली उत्तरे आपल्याला बुडवणार, अशी धास्ती त्याने घेतली होती. त्याच चौकशीत जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला, तर आर्मी रूल 182 प्रमाणे ती उत्तरे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाहीत, हे समजल्यावर तो प्रथमच मोकळेपणाने बोलू लागला.

समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे खटल्यापूर्वी लेखी नोंदवलेले साक्षीदारांचे जबाब, हाती आल्यावर वकिलांनी प्रत्येक जबाबाच्या समासात पेन्सिलीने खूण केली : साक्षीदाराने हे स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, की नुसता तर्क केला. साहित्य कमी भरले, असे सगळेच सांगत होते. ते भावाने नेताना पाहिलेला एकही नव्हता. चोरी त्यानेच केली हे दाखवण्याचा भार आरोप करणाऱ्यांवर आहे, नोंदवहीतल्या प्रत्येक तफावतीचा खुलासा करण्याचा भार त्याच्यावर नाही, ही मांडणी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे कमांडिंग ऑफिसरनी प्रकरण पुन्हा ऐकले आणि आरोप रद्द केला. त्यांच्या या न्यायबुद्धीचा आम्हाला मनापासून आदर वाटतो.

खटला उभा राहिलाच असता तर काय झाले असते, हेही वकिलांनी आधीच समजावले होते. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल या कोर्ट मार्शलच्या एका प्रकारात किमान तीन अधिकारी बसतात, त्यांच्यापैकी कोणाविषयी हरकत आहे का हे आरोपीला विचारले जाते, आणि मते समसमान पडली तर कलम 132 नुसार निर्णय आरोपीच्या बाजूने लागतो.

उणिवा दोन आहेत. लेखी सल्ला फक्त इंग्रजीत मिळाला, त्यामुळे ज्याच्यावर आरोप होता त्यालाच तो दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागला. एवढ्या जाणत्या लोकांकडून ही अपेक्षा नव्हती. शिवाय प्रकरण नागरी फौजदारी न्यायालयात गेले तर हे कार्यालय ते स्वतः चालवत नाही, त्यासाठी वेगळा वकील पाहावा लागतो.

तरीही मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. मात्र समरी ऑफ एव्हिडन्स नोंदवली जाण्यापूर्वीच संपर्क साधावा, कारण साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी तेव्हाही असते आणि तेव्हा गप्प राहिलेल्या माणसाची बाजू नंतर मांडणे फार जड जाते.