हे वाचून नाही तुटलं, फाईल करून तुटलंय

सोलापुरातल्या एका बायंडिंगच्या दुकानाला आधी मार्क देऊन टाकतो: पाचपैकी चार. एक मार्क का कापला ते पुढं येईल. तो कापताना माझाच हात अडखळला, तेही सांगतो.

दुकान मधला मारुतीकडून कोंतम चौकाकडं जाताना एका बोळात आहे. पाटी नाही. दारात पुठ्ठ्यांची थप्पी आणि आतून येणारा खळीचा वास, एवढीच खूण. मालकांना सगळे मामाच म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी आणि कटर अडला की कन्नड. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. आमच्या खतावण्या आणि रोजमेळ पूर्वी इथूनच बांधून यायचे. २०१७ ला जीएसटी आला, सगळं संगणकावर गेलं आणि माझं मामांकडं जाणं तुटलं. यंदा गेलो ते बायबल घेऊन.

हे बायबल वडिलांना १९६८ साली लग्नात चर्चच्या मंडळीनं दिलेलं. पाठ पूर्ण सुटलेली. उत्पत्तीची पहिली वीसेक पानं उघडलं की हातात यायची, प्रकटीकरणाचं शेवटचं पान तर कधीच गायब झालेलं. कसरीनं कडा खाल्लेल्या. आणि मधून फुगलेलं इतकं, की दोन रबरबँड लावल्याशिवाय मिटायचं नाही. मी तेच रबरबँड लावून रविवारी उपासनेला न्यायचो. लोकांना वाटायचं, काय वाचत असेल हा माणूस! मलाही थोडं तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मामांनी रबरबँड काढले, पुस्तक उभं धरलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हे वाचून नाही तुटलं ओ. फाईल करून तुटलंय."

मला राग आला. "रोज वाचतो मामा." (रोज नाही. पण रविवार सोडून इतर दिवशीही वाचतो.)

त्यांनी वाद घातला नाही, पुस्तक माझ्यासमोर धरून दाखवलं. वाचून झिजलेल्या पुस्तकाची पानं खालच्या कोपऱ्यात काळी पडतात, जिथं आपण बोट लावून उलटतो. शिवण सगळीकडं सारखी सैल होते. माझ्या बायबलात स्तोत्रसंहिता आणि शुभवर्तमानं तशी कोपऱ्यात काळवंडलेली होती, ती वडिलांच्या बोटांनी. पण शिवण तुटली होती ती लेवीय, गणना आणि इतिहासाच्या पुस्तकांपाशी, आणि तिथली पानं तर कोरी करकरीत. "हितं कुणी बोट लावलेलं नाही. हितं निस्तं कोंबलंय," मामा म्हणाले.

बरोबरच होतं. ज्या भागात आमच्या घरात कुणी उघडत नाही, तिथं कागद सुरक्षित राहतो. चोर बायबल नेत नाही, पोरं हात लावत नाहीत, आणि कपाटाची किल्ली हरवली तरी हे कपाट उघडंच.

काम सांगितलं आठ दिवसांचं, लागले एकोणीस. त्यात लेंट चालू होता, म्हणजे ईस्टरआधीचे आमचे चाळीस दिवस. मी चहा सोडला होता आणि येईल त्याला ते सांगत होतो. मामांनी दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा मी हात वर करून मोठ्या नम्रतेनं नको म्हणालो. तिसऱ्या खेपेला त्यांनी रविवारी सकाळी बोलावलं. "दहाला या, निवांत दाखवतो." मी गेलो. चहा आला. रविवार त्या चाळीस दिवसांत धरत नाहीत हे मला पक्कं ठाऊक, म्हणून चहा घेतला. पहिला घोट घशाखाली गेला आणि मामांनी विचारलं, "आज तुमचं चर्च नसतंय का ओ?"

"आज लवकर आटोपलं," मी म्हणालो. हातात बायबल होतं.

आता कामाबद्दल, कारण काम खरंच मन लावून केलेलं आहे. हल्ली बरेच जण पाठ सपाट कापतात, सुट्या पानांना फेव्हिकॉल थापतात आणि वर रेक्झिन चढवून देतात. दिसतं झकास, पण सहा महिन्यांत पानं पत्त्यांसारखी निघतात. मामांनी जुनी शिवण उसवली, पानांचा एकेक जुडगा वेगळा केला, फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाची पट्टी दिली आणि पुन्हा दोऱ्यानं शिवलं. पाठीला सुती कापड. खळ घरी शिजवलेली, त्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मग शिकंज्यात दोन दिवस दाबून ठेवलं. वरून काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरांत 'पवित्र शास्त्र'. प्रकटीकरणाच्या हरवलेल्या पानाची झेरॉक्स मी बायकोच्या बायबलवरून काढून दिली होती. ती बेमालूम बसवलीय, फक्त कागद जाड असल्यानं बोटाला कळतं. आता पुस्तक टेबलावर कुठंही उघडा, सपाट पडून राहतं. उत्पत्तीसुद्धा.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते बायंडिंग नाही, पिशवी. मामांनी आतले सगळे कागद काढून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले होते, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, तो ज्या पानात सापडला त्या पानाचा आकडा शिसपेन्सिलीनं लिहिला होता. सांगितलं नव्हतं, जादा पैसेही घेतले नाहीत. "परत तिथंच ठेवायचं असंल तर," एवढंच म्हणाले.

एकूण सत्तेचाळीस. घरी येऊन खाटेवर पसरले. हिशेबनीसाची सवय, दोन ढीग केले: वडिलांचे आणि माझे. वडिलांचे निघाले सहा. झावळीच्या रविवारचा वाळलेल्या पातीचा क्रूस, गिरणीचा गेटपास, आईच्या भावाची दोन पत्रं, माझं संडे स्कूलचं एक बक्षीस-कार्ड आणि मंडळीतल्या आजाऱ्यांच्या नावांची यादी. यादीतल्या बऱ्याच नावांपुढं बारीक फुली. बरे झाले की गेले, कळायला मार्ग नाही.

उरलेले एकेचाळीस माझे. मुदत ठेवीच्या पावत्या, दोन मुदत संपलेल्या. एलआयसी. सोनाराच्या पाटल्यांची पावती. गाडीचा विमा. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पाच झेरॉक्स, कशाला पाच कुणास ठाऊक. एक लॉटरीचं तिकीट, त्याबद्दल बायकोला अजून सांगितलेलं नाही. ज्या पुस्तकात लिहिलंय की देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाला होत नाही, त्याच पुस्तकात मी दुसऱ्या धन्याचं दप्तर उघडलं होतं. आणि वर्षानुवर्षं समजत होतो की आपण सगळं देवाच्या हवाली केलंय!

कुठला कागद कुठल्या पानात होता ते बघत बसलो. बहुतेकांचा काही मेळ नाही, पावत्या वंशावळ्यांत, विमा निवासमंडपाच्या मापांत. एकाच कागदापाशी थांबलो. ताईचं हक्कसोडपत्र.

आमची बार्शी तालुक्यात तीस गुंठे जमीन आहे. २०१६ ला आई गेली, त्यानंतर ताईनं माझ्या नावे सही करून दिली. खरं तर मी करून घेतली. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, निम्मी तिची होती. मी म्हणालो, "तुला काय करायचीय, तुझं सगळं व्यवस्थित आहे." ती म्हणाली, "कर तुला हवं ते." मी ते होकार म्हणून घेतलं. तो कागद गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात होता. तिथं सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभं राहून विचारतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं वतन आम्हाला का नाही? आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. जुळवून सांगतोय असं वाटेल. मलाही मामांवरच संशय आला होता, पण त्यांना बायबलातलं ओ का ठो कळत नाही. त्यांनी फक्त आकडा लिहिला होता.

कागदांचं एवढ्यावर ठेवतो.

आता कापलेला मार्क. कडा कसरीनं खाल्लेल्या म्हणून मामांनी तिन्ही बाजूंनी कटर मारला. समासातलं वडिलांचं पेन्सिलीचं लिखाण त्यात गेलं. सगळं नाही, पण मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी जे होतं ते गेलं. तिथं 'पहिल्याने त्याचे राज्य' या ओळीतल्या 'पहिल्याने' शब्दाखाली रेघ आहे आणि बाजूला, गिरणी बंद पडली त्या दिवशी, वडिलांनी दोन वाक्यं लिहिली होती. आता उरलीय एक वेलांटी आणि अर्धा 'ग'. मामांनी आधी विचारायला हवं होतं. जुनं पुस्तक देताना तुम्हीही बजावून सांगा: समास कापू नका.

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. गिरणी बंद पडली त्या दिवसांत वडील रात्रपाळीची राखणदारी करायचे. पगार हातात आला की आधी दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, मोजून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, मग पीठ, मग घरभाडं. आई चिडायची. तो क्रम त्यांनी मोडला नाही. त्यांचं अक्षर गेलं म्हणजे ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले होते, त्यांच्यापुढं मी हे गाऱ्हाणं गायलो. ते म्हणाले, "समास गेला, वचन शाबूत आहे ना?" पाळकांना असं बोलायला जमतं. मी जरा घुश्शातच लूकचा चौदावा अध्याय काढला, जो बापाचा आणि आईचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, आणि विचारलं, हे काय आहे मग? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय उघडायला लावला. (पुस्तक सपाट पडून राहिलं. मामांना मनात मार्क दिला.) तिथं एका ओळीत आहे की याकोबाची दोन बायकांपैकी राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रीती होती, आणि लगेच पुढच्या ओळीत लेआ नावडती. मूळ इब्री शब्द द्वेषाचाच आहे. म्हणजे त्या भाषेत कमी प्रेमालाही तोच शब्द चालायचा. मत्तयानं दहाव्या अध्यायात तेच उघड करून लिहिलंय: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो. "तुम्हाला कुणी वडिलांना सोडायला सांगत नाही," ते म्हणाले. "रांगेत कोण पुढं, एवढंच विचारलंय."

मला ते अर्धंच पटलं. उरलेलं अर्धं कळलं रात्री. कारण मत्तयाचं ते पान मी त्या दोन दिवसांत वीसदा उघडलं होतं आणि एकदाही ओळ वाचली नव्हती, फक्त समास बघत होतो.

व्यवहाराचं राहिलं. साडेसहाशे रुपये, त्यात सोनेरी अक्षरं आली. यूपीआय चालतं. पावती मिळत नाही. दिवाळीआधी महिनाभर जाऊ नका, व्यापाऱ्यांच्या वह्या असतात. पिण्याचं पाणी सोबत न्या, बोळ उन्हाळ्यात भट्टी असतो आणि आपल्याकडं नळाचं तुम्हाला माहीतच आहे. मामा चाळीस रुपये जास्त घेऊन मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदांसाठी खिसा करून देतात. मला विचारलं होतं. मी क्षणभर हो म्हणणार होतो.

पहिल्या कोऱ्या पानाला मात्र त्यांनी कटर लावलेला नाही, ते नव्या कागदावर अलगद चढवून घेतलंय. तिथं वडिलांनी आमचे जन्म लिहिलेत: ताई १९७०, मी १९७३. एकाच शाईत, एकाच मापाच्या अक्षरात.

परवा ताईचा फोन आला. "बायबल झालं का रे?"

"झालं. छान झालंय. पण बाबांचं ते मत्तयातलं कापलं गेलं."

"'गिरणी बंद. घरात पीठ आहे.' तेच ना?" ती म्हणाली. "मी शेजारीच बसले होते. पेन्सिलीला टोक मी करून दिलं होतं."

मला पुढं बोलता आलं नाही, तिला वाटलं रेंज गेली.

चाळीस कागदांची पिशवी कपाटात गेली. हक्कसोडपत्र टेबलावर आहे, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवलाय. रोज तांब्या उचलला की दिसतं. ताई मे महिन्यात येतेय, तालुक्याच्या वकिलाची वेळ घेतलीय. तिनं सांगितलेली दोन वाक्यं मी एका चिठ्ठीवर उतरवली आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात घातली. मामांना सांगू नका.