कार्मेल हायस्कूल, इंडियाना: अभ्यासाचं सगळे सांगतात, खेळाचं मी सांगतो

एलाय लिली या औषध कंपनीत नोकरी लागली किंवा इंडियानापोलिसला ट्रान्सफर झाली की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न घर कुठे घ्यायचं, आणि ज्याला विचाराल तो एकच सांगतो, शेजारच्या कार्मेलला घे, शाळा बघ. शाळा बघ म्हणजे काय, तर रेटिंग किती, एपी (कॉलेजच्या लेव्हलचे कोर्स) किती, सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा स्कोअर किती. खेळाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम फक्त खेळाच्या बाजूने.

आधी साइझ समजून घ्या. नववी ते बारावी, चारच इयत्ता, आणि पोरं पाच हजारांच्या वर. प्लॅनेटेरियम आहे, ९१.३ एफएमवर शाळेचं स्वतःचं रेडिओ स्टेशन आहे, आणि मध्यंतरी टिकटॉकवर शाळेची टूर व्हायरल झाली तेव्हा लोकांना पटेना की ही पब्लिक शाळा आहे. पब्लिकच आहे. फी नाही, फक्त ती घराच्या किमतीत आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये वसूल होते. शाळेसाठीच्या जादा टॅक्सचा रेफरेंडम २०२३ मध्ये पुन्हा पास झाला, आणि गंमत बघा, एच-वन व्हिसावाले आपण टॅक्स इमानेइतबारे भरतो पण त्यावर मत द्यायचा अधिकार काही आपल्याला नाही. असो.

आता स्विमिंग, कारण त्यासाठीच ही शाळा देशभर ओळखली जाते. मुलींच्या टीमने १९८७ साली स्टेट, म्हणजे राज्याचं विजेतेपद, जिंकलं आणि तेव्हापासून ते कोणाला दिलेलंच नाही. २०१६ ला सलग तिसावं जिंकलं तेव्हा हवाईतल्या पुनाहू शाळेचा २९ चा नॅशनल रेकॉर्ड मोडला (पुनाहू म्हणजे ओबामांची शाळा, आणि ती प्रायव्हेट आहे बरं का). म्हणजे आज जी पोरगी टीममध्ये आहे तिच्या आईच्या जन्माच्या आसपास सुरू झालेली मालिका अजून चालूच आहे, आणि गेल्या वर्षीच्या कितीतरी पोरी दरवर्षी पास होऊन निघून जातात हे लक्षात घेतलं तर चक्रावायला होतं.

हे जमतं कसं ते मला मीट, म्हणजे स्विमिंगच्या स्पर्धा, बघायला लागल्यावर कळलं. मीटमध्ये डायव्हिंग धरून १२ इव्हेंट असतात, आणि एका पोरीला जास्तीत जास्त चारच करता येतात, त्यातही वैयक्तिक फक्त दोन. त्यामुळे एखादी ऑलिंपिकची पोरगी टीममध्ये असली तरी ती एकटी टीमला जिंकवू शकत नाही. स्टेटला पहिल्या सोळा नंबरांपर्यंत पॉइंट मिळतात, रिलेला डबल. मग जिंकतो कोण, तर ज्याच्याकडे पाचवी, नववी, चौदावी येणारी पोरगीसुद्धा आहे तो. आणि इंडियानात स्विमिंगला लहान शाळा मोठी शाळा अशी विभागणी नाही, सगळे एकाच पाण्यात, तेव्हा पाच हजारांची शाळा आणि पाचशेची शाळा यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. त्यात भर म्हणजे कार्मेल स्विम क्लब, जिथे पोरं प्राथमिक शाळेपासून वर्षभर पोहतात. म्हणजे हायस्कूलच्या टीममध्ये येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. कोणी म्हणेल हे अनफेअर आहे, थोडं आहेच. पण पैसा आणि संख्या असलेल्या शाळा अमेरिकेत खूप आहेत, इतकी वर्षं न चुकता कोणी जिंकलेलं नाही, त्यामुळे कोचिंगचं श्रेय द्यावंच लागतं.

ऑलिंपिक उगाच म्हणालो नाही. जून २०२४ मध्ये आपल्या इथेच लुकास ऑइल स्टेडियममध्ये, फुटबॉलच्या मैदानावर पूल बांधून, अमेरिकेच्या ट्रायल्स झाल्या. त्यात कार्मेलचा ॲरन शॅकेल ४०० फ्रीस्टाइल जिंकून टीममध्ये गेला, पाठोपाठ त्याची बहीण ॲलेक्सही गेली. ती तर तेव्हा अजून शाळेत होती! पॅरिसहून रिलेची मेडल्स घेऊन आली आणि परत बारावीच्या वर्गात बसली. तुमच्या मुलीच्या केमिस्ट्रीच्या वर्गात ऑलिंपिक मेडलिस्ट बसलीये, कल्पना करा.

साध्या ड्युअल मीटला (दोनच शाळांच्या स्पर्धेला) एकदा तरी जाच, आणि जमलं तर टायमर म्हणून व्हॉलंटियर करा, अशा मीटना स्टॉपवॉच धरायला पालक लागतातच. बाहेर जानेवारीची बोचरी थंडी आणि आत दमट उकाडा, सगळे पालक जाड जॅकेट मांडीवर घेऊन घाम पुसत बसलेले. तुम्ही लेनच्या टोकाला उभे, डोळे दिव्यावर, कारण वॉच आवाजावर नाही तर स्टार्टच्या दिव्यावर दाबायचं असतं, आणि शेवटी भिंतीला हात लागताना बघायला वाकलात की बूट, सॉक्स, पँट सगळं ओलं. चपला घालून जा. पण दोन फुटांवरून ती टर्न बघणं म्हणजे काय असतं ते वरच्या ब्लीचर्सवरून कळत नाही.

फुटबॉलबद्दल (अमेरिकन फुटबॉल) थोडक्यात. शुक्रवारी रात्रीची मॅच म्हणजे गावजत्राच, बँड, स्टुडंट सेक्शनमध्ये सगळे एका रंगात, नाचोजची लाइन. नियम कळले नाहीत तरी मजा येते, भारतातून आलेल्या आजी-आजोबांनासुद्धा घेऊन जा. सेंटर ग्रोव्ह शाळेविरुद्धची मॅच असेल तर लवकर जा, ती जुनी खुन्नस आहे, जिंकणाऱ्याला तांब्याची किटली मिळते. डॅलसचे मित्र इथेही त्यांच्या ॲलन हायस्कूलच्या स्टेडियमची फुशारकी मारतात, १८ हजार सीट, ६० मिलियन डॉलर वगैरे. त्यांना शांतपणे सांगायचं की २०१२ ला उघडलेलं ते स्टेडियम काँक्रीटला तडे गेले म्हणून २०१४ ला बंद करावं लागलं होतं. गप्प बसतात.

मार्चिंग बँडला खेळ म्हणत नाहीत, पण मी म्हणतो. उन्हाळ्यात भर उन्हात ती पोरं ट्यूबा खांद्यावर घेऊन उलटं चालत असतात, नॅशनल्स अनेकदा जिंकलेत. आपल्याकडची पियानो-व्हायोलिनवाली मुलं खेळात नसतील तर त्यांच्यासाठी हा फार चांगला रस्ता आहे.

आता जे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं ते. आपली मुलं काय खेळतात? टेनिस. सहावीपासून कोचिंग, वीकेंडला टूर्नामेंट, आईबाबा ड्रायव्हर. इंडियानात हायस्कूल टेनिसच्या व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य टीमच्या) मॅचमध्ये तीन सिंगल्स आणि दोन डबल्स असतात, म्हणजे कोर्टवर सात पोरं. सात! पाच हजारांच्या वरच्या शाळेतून. बास्केटबॉलला व्हर्सिटीत डझन-पंधरा. जेव्ही (दुय्यम टीम) वगैरे धरा, तरी हिशोब फार बदलत नाही. शेजारच्या छोट्या शाळेत जो मुलगा डोळे झाकून टीममध्ये आला असता, तो इथे ट्रायआउटलाच (निवड चाचणीतच) कट होऊ शकतो आणि त्यात कोणाची चूक नसते, गणितच तसं आहे. टीम जितकी भारी तितकी तुमच्या मुलाला जागा मिळायची शक्यता कमी, ही गोष्ट घर घेताना कोणी सांगत नाही.

त्यामुळे माझं मत असं, सुविधा आणि कोचिंग पाचपैकी पाच, बघायची मजा पाचपैकी पाच, आणि साधारण खेळणाऱ्या मुलाला शाळेचा शर्ट घालायला मिळेल का, याला दोन, फार तर अडीच. मुलगा खरंच टॉपचा असेल तर डोळे मिटून या. नुसती आवड असेल तर सर्वसाधारणपणे क्रॉस कंट्री, ट्रॅकसारख्या खेळात जास्त मुलांना सामावून घेतात, तिकडे वळवून बघा, आणि लहान असतानाच कार्मेल डॅड्स क्लबच्या लीगमध्ये घाला, निदान मनसोक्त खेळून तरी होतं. आणि नववीतल्या पोराला "कट झालास तर बरंच, आता अभ्यास कर" असं प्लीज म्हणू नका, मी हे आपल्या पार्ट्यांमध्ये आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलंय.

एक व्यवहाराची गोष्ट. मुलग्यांचं टेनिस, सॉकर, फुटबॉल, क्रॉस कंट्री हे सगळं इथे फॉल सीझनमध्ये येतं आणि प्रॅक्टिस ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होते. डॉक्टरचा फिजिकल फॉर्म १ एप्रिलनंतरचा लागतो, जुना चालत नाही, तो मे महिन्यातच उरकून टाका. आणि भारताची तिकिटं काढताना परतीची तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली ठेवा, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन करून परतलात तर ट्रायआउट होऊन टीमची लिस्टसुद्धा लागलेली असेल.