पुस्तकातल्या 'माझी नोंद' पानांची दोन वर्षं : एका पालकाचा अनुभव

पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाबरोबर संपतोय, आणि हे मी एप्रिल २०२५ च्या अखेरीस लिहिते आहे. माझ्या थोरल्या मुलीने तिसरी आणि चौथी अशी दोन्ही वर्षं याच पुस्तकांवर काढली. धाकटा जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याच्या पुढच्या इयत्तांना ही पानं नसतील. म्हणून ती कशी वापरली गेली, कुठे उपयोगी पडली आणि कुठे नाही, हे आठवतंय तोवर सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमची वाडी दापोली तालुक्यात, किनाऱ्याला लागून. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यामुळे पुस्तकं वाटण्यापासून शाळेची कौलं परतण्यापर्यंत बऱ्याच गोष्टी जवळून बघायला मिळतात.

आधी पुस्तकाबद्दल. मार्च २०२३ मध्ये निर्णय झाला आणि त्या जूनपासून दुसरी ते आठवीची पुस्तकं नव्या रूपात आली. मराठी, गणित, इंग्रजी अशी वेगवेगळी पुस्तकं न देता सगळे विषय एकत्र करून वर्षाचे चार भाग केलेले. एक भाग संपला की पुढचा काढायचा. पाठ संपला की एक-दोन कोरी पानं, वर 'माझी नोंद' असं छापलेलं. कठीण शब्द, महत्त्वाचे मुद्दे, गुरुजींनी सांगितलेली जादा माहिती तिथेच लिहायची. हेतू दोन होते, दप्तर हलकं करणं आणि वह्यांचा खर्च वाचवणं. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, वह्या मात्र घरच्यांनाच घ्याव्या लागतात. ज्या घरात दोन-तीन मुलं शाळेत आहेत आणि बाप बोटीवर खलाशी आहे, त्या घराला जून-जुलैत वह्या घेणं किती जड जातं हे किनाऱ्यावर सांगायला नको. मासेमारी नेमकी त्याच दोन महिन्यांत बंद असते.

२८ जानेवारी २०२५ ला शासनाने हा निर्णय मागे घेतला. जून २०२५ पासून पुस्तकं पूर्वीसारखी येतील, आत वहीची पानं असणार नाहीत.

आता अनुभव. पहिला पावसाळा या पुस्तकांनी फार सुखाचा केला, हे मनापासून सांगते. वाडीतून शाळेत जायला पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट उतरायची, पुढे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, मग परत चढण. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की मोठी माणसंही जपून पाय टाकतात. एका हातात छत्री, पाठीवर दप्तर, आणि वाऱ्याने छत्री उलटी झाली की सगळा तोल दप्तराकडे जातो. २०२० च्या दप्तर धोरणाने वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलंय. तिसरीतल्या पोरीचं वजन वीस-बावीस किलो धरा, म्हणजे दप्तर दोन किलोच्या आसपास हवं. डबा आणि पाण्याची बाटली यांतच त्यातलं बरंच जातं. सगळ्या विषयांचा एकच भाग दप्तरात असणं म्हणजे काय, हे त्या चढणीवर कळायचं. शिवाय तो एक भाग प्लास्टिकच्या पिशवीत नीट बसायचा. चार-पाच पुस्तकं पिशवीत घालायची म्हटलं की एखाद्याचा कोपरा भिजतोच.

पण हे सुख दिवाळीपर्यंतच टिकलं. पानं पुरेनात आणि वह्या परत दप्तरात आल्या. सगळ्यात आधी गणिताची. भागाकाराच्या पाठाला जेवढी कोरी पानं, जवळपास तेवढीच एखाद्या कवितेला. कवितेची अर्धी कोरी राहायची, आणि भागाकार मात्र दोन दिवसांत पानाच्या तळाशी पोचायचा. चौथीत हातचे, पाढे, शाब्दिक उदाहरणं यांचा सराव पानोपानी करावा लागतो, तो मोजून दिलेल्या जागेत होत नाही. इंग्रजीला चार रेघांची सवय हवी असते, ती सवय साध्या पानावर लागत नाही. मग बाईंनी वेगळी वही सांगितली आणि ते बरोबरच होतं. दोन वर्षांच्या शेवटी दप्तरात पुस्तकाचा भागही होता आणि वह्याही. निर्णय मागे घेताना हेच कारण पुढे आलं, मुलं वह्या आणतच राहिली आणि ओझं अपेक्षेइतकं उतरलं नाही. आमच्या वाडीपुरतं तरी ते अगदी खरं आहे.

दुसरी अडचण तपासणीची, आणि ती मला ओझ्यापेक्षा मोठी वाटली. पूर्वी बाई वह्या तपासायला घरी न्यायच्या आणि मुलांकडे पुस्तक असायचं. आता लिहिलेलं सगळं पुस्तकात. ते पुस्तक तपासायला दिलं की त्या संध्याकाळी घरी वाचायलाच काही नाही, तेही एका विषयाचं नव्हे, सगळ्याच विषयांचं. बाईंनी यावर मधल्या सुट्टीत वर्गातच तपासायचा मार्ग काढला. पण दोन शिक्षकी शाळेत मधली सुट्टी म्हणजे पोषण आहार वाढून घेणं, ताटं धुवायला रांग लावणं आणि कुणी पडलं-झडलं तर त्याला बघणं. तपासणी मागे पडायची.

तरीही या पानांचं एक काम मी विसरणार नाही. आमच्याकडे दोन वर्ग एकत्र बसतात. एका इयत्तेला शिकवत असताना बाकीच्या मुलांना काहीतरी अर्थपूर्ण काम द्यावं लागतं. तिथे 'माझी नोंद' फार उपयोगी पडली. "पाठ वाचा आणि तुम्हाला तुमच्या वाडीतलं काय आठवलं ते पुढच्या पानावर लिहा," एवढं सांगितलं की चौथीची मुलं अर्धा तास रमायची. परिसर अभ्यासात पाण्याचा पाठ होता तेव्हा मुलीने आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये कुठल्या पायरीपर्यंत उतरतं ते लिहिलं. एका मुलाने हर्णैच्या लिलावात बघितलेले मासे नावानिशी लिहिले, सुरमई, सरंगा, बांगडा, मांदेली, आणि कुठला कसा ओळखायचा तेही. कुणी सुवर्णदुर्ग काढला, तोही किनाऱ्यावरून दिसतो तसा, अर्धा पाण्यात. छापलेल्या पाठाला चिकटून मुलाचं स्वतःचं लिहिणं असणं, ही गोष्ट वहीत होत नाही. वहीत मुलं फळ्यावरचं उतरवतात. मला विचाराल तर या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं हेच होतं, आणि ओझ्याच्या चर्चेत याचं नाव कुणी फारसं घेतलं नाही.

दमट हवेचा त्रास सगळ्याच कागदाला होतो, या पुस्तकांनाही झाला. आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा पाणी सोडतं. सर्दलेल्या पानावर पेनाची शाई फुटायची आणि मागच्या बाजूच्या मजकुरावर उतरायची. वहीचं एक पान खराब झालं तर फाडून टाकता येतं, पुस्तकाचं कसं फाडणार? आम्ही पेन्सिलच चालू ठेवली. ज्यांच्या मुलांनी पेन वापरला त्यांचे पहिले दोन भाग मार्चपर्यंत वाचण्याजोगे राहिले नव्हते. आणि नेमके मार्च-एप्रिलमध्येच ते लागतात! वार्षिक परीक्षेला चारही भागांची उजळणी करायची, तर काही घरांत पहिला भाग शोधण्यापासून सुरुवात. शिमग्याला घराची झाडलोट होते, पालखी येते, पाहुणे येतात, माळ्यावर टाकलेलं कुठे जातं कळत नाही. आमच्या समितीने गेल्या वर्षी संपलेले भाग शाळेच्या कपाटात वर्गवार ठेवायला सुरुवात केली. त्याचा या वर्षी खूप फायदा झाला.

लिहिलेलं पुस्तक पुढच्या मुलाला देता येत नाही, हेही आहे. चुलत-मावस भावंडांत पुस्तकं फिरण्याची आपली जुनी रीत. शाळेला पुस्तकं कमी पडली की वरच्या वर्गातल्या मुलांची चांगली पुस्तकं कामाला यायची. या दोन वर्षांत ते बंद झालं.

आता एक गोष्ट गावाच्या लोकांसाठी, मुंबईत असलेल्यांसाठी विशेष. आपल्या बहुतेक वाड्यांची मुंबईत मंडळं आहेत आणि जूनमध्ये वह्यावाटप हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. पुस्तकातच पानं आली म्हटल्यावर आमच्या मंडळाने वह्या थांबवून तो पैसा दुसऱ्या कामाला लावला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण खर्च पालकांवर आला आणि तो दिसला नाही, कारण कागदावर सगळ्यांना वह्या मिळालेल्याच होत्या. जून २०२५ पासून तर पानं नाहीतच. चाकरमानी मे महिन्यात येतील, पूजा होईल, बैठक होईल, तेव्हा हा विषय पहिला घ्यावा ही माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईच्या घाऊक बाजारात वह्या इथल्यापेक्षा स्वस्त पडतात आणि परत येणाऱ्या गाड्यांत जागा असते.

प्रयोगाबद्दल माझं मत विचाराल तर, पानं काढली हे योग्य झालं. पण चार भाग ही कल्पना पानांबरोबर जायला नको होती. ओझं कमी झालं होतं ते भाग पाडल्यामुळे. पानांनी उलट पुस्तकाची जाडी वाढवली. पानं काढून नुसते भाग ठेवले असते तर आमच्या पाखाडीवरच्या मुलांचं भलं झालं असतं. आता पूर्वीसारखी पुस्तकं येणार म्हटल्यावर शाळेने आपल्या पातळीवर काही करता येतं का ते बघायला हवं. जुन्या वापरलेल्या पुस्तकांचा एक संच वर्गात ठेवला आणि नवीन पुस्तकं घरी, तर मुलांना रोज ने-आण करावी लागणार नाही. २०२३ च्या आधीची पुस्तकं कुणाच्या माळ्यावर असतील तर ती रद्दीत घालू नका, शाळेत आणून द्या. पाठ तेच असतील तिथे ती वर्गातल्या संचाला चालतील. आणि बाईंनी मुलांच्या त्या मोकळ्या नोंदी बंद करू नयेत. त्यासाठी शंभर पानी एक वही वेगळी ठेवावी आणि तीही 'माझी नोंद' याच नावाने. मी बैठकीत हे मांडणार आहे.

वर्षअखेरच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. या वर्षी परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल २०२५ मध्ये झाल्या. उन्हाच्या दिवसांत, आंबा-काजूच्या हंगामात मुलांना शाळेत बसवणं सोपं नव्हतं, पण हजेरी चांगली राहिली. परीक्षा संपून निकालापर्यंत शिक्षकांना जेमतेम पाच-सहा दिवस मिळाले, याची जाणीव ठेवून १ मेला निकाल घ्यायला जाताना बाईंशी दोन शब्द प्रेमाने बोला. त्या दिवशी झेंडावंदनही आहे, मुलांना वेळेवर पाठवा.

चौथीची मुलं आता आपल्या शाळेतून बाहेर पडतील. पाचवीला वार्षिक परीक्षेचे नियम वेगळे आहेत. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला परीक्षेत कमी पडलेल्या मुलाची दोन महिन्यांत फेरपरीक्षा होते, आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. शिष्यवृत्तीची परीक्षाही २०२४-२५ मध्ये पाचवीलाच होती. मुलांना घाबरवायचं नाही, पण पालकांना हे माहीत हवं.

पहिलीला जून २०२५ पासून नवा अभ्यासक्रम लागू होतोय, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे. बाकीच्या इयत्तांचं टप्प्याटप्प्याने पुढच्या वर्षांत. पहिलीपासून हिंदी शिकवावी का यावर सगळीकडे बोलणं चाललंय, त्यात मी इथे शिरत नाही. धाकट्याच्या निमित्ताने 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याबद्दल मात्र सांगते. सात टेबलं असतात, नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत. मूल उड्या मारतं, रंग ओळखतं, चित्र बघून बोलतं, वस्तू मोजतं. शेवटी आईला कृतींची कार्डं मिळतात आणि वाडीतल्या आयांचा गट करून सुट्टीत ती घरी करून घ्यायची. काजूच्या बिया मोजायला आणि लहान-मोठ्या लावायला यापेक्षा चांगला महिना नाही. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो, ज्यांचं पहिल्याला जमलं नाही त्यांनी तो चुकवू नये.

शाळा १६ जून २०२५ ला उघडेल. वह्या घेण्याची घाई मेमध्ये करू नका. गणिताला चौकटीची, इंग्रजीला चार रेघी आणि मराठीला एकरेघी लागेल हे नक्की, पण किती आणि किती पानी ते बाई पहिल्या आठवड्यात सांगतील. तोपर्यंत एक शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरे. प्लास्टिकचा कागद मात्र आत्ताच घेऊन ठेवा. मिरग (मृग नक्षत्र) लागला की आमच्या नाक्यावर तो मिळत नाही.