उंदीर-चिचुंद्र्यांची गणती: पेटी-सापळा की कॅमेरा?

सह्याद्रीच्या सदाहरित आणि पानझडी जंगलांतील लहान सस्तन प्राण्यांची संख्या ताडून पाहायची असेल, तर मी प्राण्याला जिवंत पकडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या शर्मन पेटी-सापळ्यालाच पहिली पसंती देईन. समजा, शेंगदाण्याचे कूट ठेवलेल्या सापळ्यांत पहिल्या फेरीत 40 उंदीर सापडले, त्यांच्या कानाला खूणपट्टी लावून ते सोडले आणि काही दिवसांनी सापडलेल्या 30 पैकी 10 उंदरांना, म्हणजे दर तिघांत एकाला, ती खूण दिसली, तर खूण केलेले 40 हे एकूण संख्येच्या एक तृतीयांश धरून, दरम्यान फारशी ये-जा झाली नसल्यास एकूण संख्या सुमारे 120 भरते. जंगलात लावलेल्या, प्राणी समोर येताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांत एकाच जातीचे दोन उंदीर सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय दाट झुडपांत प्राणी कमी टिपले जात असल्याने कमी चित्रे म्हणजे कमी प्राणी, असे म्हणता येत नाही. सापळ्यात सापडण्याची शक्यताही अधिवासागणिक बदलते, पण पुन्हा दिसलेल्या खुणांवरून ती मोजता तरी येते.

सापळ्याची खरी किंमत मात्र चिचुंद्री मोजते: काही तासांच्या उपासानेही ती दगावू शकते, म्हणून उबेसाठी आत मूठभर कापूस ठेवावा आणि सापळे तपासण्याची पहाटेची फेरी कधीही चुकवू नये. जेथे रोज पहाटे पोहोचणे शक्य नाही, तेथे कॅमेराच लावावा.