नैसर्गिक संसाधनांचं अर्थशास्त्र: एम.ए.चा ऐच्छिक पेपर, काही महिने वापरल्यानंतर

‘पर्यावरणाचा पेपर आहे, वाचून होईल’ असं समजून हा विषय घेणारे बरेच असतात. पहिल्याच महिन्यात तो समज मोडतो. सेमिस्टर झालं, नंतर पाणलोट आणि मासेमारीच्या अहवालांत हा विषय बरेच महिने वापरून झाला. त्यावरून मत असं: पेपर जरूर घ्यावा, पण एक्सेल उघडं ठेवून शिकावा. नुसत्या नोट्सवर गुण मिळतात, विषय हाती लागत नाही.

गणित फार लागत नाही. अवकलन, लग्रांजची पद्धत (अट पाळून कमाल किंवा किमान काढण्याची) आणि वर्तमान मूल्य (पुढच्या पैशाची आजची किंमत) काढता येणं, एवढं पक्कं हवं. अडतं ते गृहीतकांवर आणि एककांवर.

सुरुवात अर्थशास्त्रज्ञ हॉटेलिंगच्या १९३१ च्या नियमाने होते: खाणीतल्या मालावरचा रेंट, म्हणजे किंमत वजा सीमांत खर्च (आणखी एक टन काढायचा खर्च), व्याजदराच्या गतीने वाढला पाहिजे. हा नियम पाठ करू नका, दोन वर्षांचं उदाहरण हाताने सोडवा. साठा १०० टन, किंमत = १०० − विक्री, काढण्याचा खर्च टनाला २०, व्याजदर १० टक्के. पहिल्या वर्षी ५१.४३ टन आणि दुसऱ्या वर्षी ४८.५७ टन, असं उत्तर येतं. रेंट २८.५७ वरून ३१.४३ होतो, बरोबर १० टक्के वाढ. आता रेंट शून्य धरा. पहिल्याच वर्षी ८० टन उपसले जातात आणि पुढच्यासाठी २० उरतात. जमिनीत राहिलेल्या मालालाही किंमत असते हे इथे आकड्यांत दिसतं.

यानंतर गोव्याच्या लोहखनिजाचं प्रकरण वाचावं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. खनिज संपणार असेल तर त्याचा रेंट दुसऱ्या भांडवलात गुंतवा, हा अर्थशास्त्रज्ञ हार्टविकचा १९७७ चा नियम. तो १० टक्क्यांत पाळला जातो का, यावर वर्गात खरी चर्चा होते. माझ्या मते नाही: नियम सगळा रेंट गुंतवायला सांगतो, आणि विक्रीचे १० टक्के म्हणजे सगळा रेंट नव्हे.

या पेपरचा जीव मात्र मासेमारीच्या मॉडेलमध्ये आहे. खुल्या मासेमारीत नफा कसा संपतो यावरचा गॉर्डनचा १९५४ चा लेख आणि शेफरचं मासळीच्या साठ्याच्या वाढीचं समीकरण एकत्र बसवायचं. समुद्राची क्षमता, म्हणजे जास्तीत जास्त मावणारा साठा, १००० टन, वाढीचा दर वर्षाला ०.५, एका नौकेची पकड साठ्याच्या ०.००१ पट, मासळी टनाला १ लाख रुपये आणि नौकेचा खर्च २० हजार धरा. २०० नौका असतील तर टिकाऊ पकड (साठा न घटता दरवर्षी मिळणारी) १२० टन आणि नफा ८० लाख. २५० नौकांवर पकड कमाल होते, १२५ टन, पण नफा ७५ लाखांवर येतो. कुणालाही येऊ दिलं तर नौका ४०० पर्यंत वाढतात. तेव्हा पकड ८० टन, नफा शून्य आणि पाण्यात उरतो २०० टन साठा. दुप्पट नौका आणि मासळी दोन तृतीयांश! रत्नागिरी किंवा मालवणच्या बंदरावरची तक्रार नेमकी हीच आहे. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीने विणीच्या हंगामात माशाला उसंत मिळते, पण नौकांची संख्या तीच राहते, म्हणून बंदी उठली की चढाओढ पुन्हा सुरू होते.

इथे चुका ठरलेल्या. किलो आणि टन मिसळतात. नौकामालकाची स्वतःची मजुरी आणि भांडवलावरचं व्याज खर्चात धरलं जात नाही, मग जो नफा नाहीच तो दिसतो. कमाल पकड हेच उद्दिष्ट समजलं जातं, ही सर्वांत मोठी चूक.

डिस्काउंट रेटवर, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायच्या दरावर, शिक्षक एक तास घालवतात. तिथे चार तास द्यायला हवेत. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १ कोटीची आजची किंमत १० टक्क्यांनी सुमारे ८५ हजार रुपये, ३ टक्क्यांनी जवळपास २३ लाख. प्रकल्पाचा निकाल बहुधा या एकाच ओळीत ठरतो. किमती महागाई वगळून घेतल्या असतील तर दरही महागाई वगळूनच घ्या.

भूजलाचा भाग महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगाचा, आणि नेमका तोच कच्चा शिकवला जातो. नेहमीच्या मॉडेलमध्ये जमिनीखालचं पाणी एका मोठ्या टाकीसारखं धरलेलं असतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं. एका विहिरीचा उपसा शेजारच्या बोअरला लगेच जाणवतो आणि दोन किलोमीटरवर काहीच जाणवत नाही. शिवाय अनेक ठिकाणी पंपाचं बिल अश्वशक्तीवर ठरतं किंवा वीज मोफत असते, त्यामुळे तिथे आणखी एक तास पंप चालवायचा वीजखर्च शेतकऱ्यासाठी शून्य. म्हणून हिवरे बाजारसारख्या गावांची उदाहरणं ऑस्ट्रॉमच्या चौकटीतून (सामाईक संसाधनाचे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवायचे) वाचावीत: सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही आणि पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची.

बाजारात किंमत नसलेल्या नैसर्गिक गोष्टींचं मूल्य लोकांना विचारून काढणाऱ्या सर्वेक्षणांबद्दल थोडक्यात: ‘किती द्याल?’ असं उघडं विचारू नका. ‘वर्षाला अमुक रुपये द्याल का, हो की नाही?’ असं विचारा आणि रक्कम दर कुटुंबाला बदलत ठेवा.

प्रोजेक्टला मासेमारी घेणार असाल तर पकडीचे आकडे मिळतात, श्रमाचे, म्हणजे त्यासाठी किती नौका किती फेऱ्या गेल्या याचे, सहसा मिळत नाहीत. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल कोट्याच्या नोंदी हा त्यावर चालणारा उपाय. मात्र इंजिनं मोठी होत गेली असतील तर लिटर वाढतात आणि फेऱ्या तेवढ्याच राहतात. म्हणून नौकेची अश्वशक्तीही टिपून घ्या.